केमिकल फ्री क्रीमचा घरगुती धंदा आणि ओला चमचा

गॅलरीत कोरफडीची एक कुंडी, घरात मिक्सर आणि फोनमध्ये सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप, एवढं असलं ना की भांडवल झालं समजा. बाकीचं मी सांगते. दिवाळीच्या आधी हॉलमध्ये ती प्रदर्शनं लागतात बघा, एका टेबलवर भाजणी, शेजारी खणाच्या पर्सेस, त्याच्या शेजारी कंदील, तिथे या वर्षी तुमचंही एक टेबल असणार. ज्यूटचं कापड, त्यावर काचेच्या बुटक्या बरण्या, लेबलवर एक हिरवं पान आणि खाली ठळक अक्षरात "केमिकल फ्री". हे आधी छापून घ्यायचं. बरणीत काय घालायचं ते नंतर बघू, घाई नाही.

कोणीतरी येतंच, बहुतेक कोणाचातरी अकरावी सायन्सचा मुलगा, की काकू पाणीसुद्धा केमिकलच असतं. त्याला "हो रे बाळा, हुशार आहेस" म्हणायचं आणि त्याच्या आईकडे वळायचं. पैसे आई देते.

आता धंद्याला एक व्हिलन लागतो. तो तयारच आहे, पॅराबेन. बिचारं जवळजवळ ऐंशी वर्षं क्रीममध्ये, शाम्पूत, खोकल्याच्या औषधात पडून होतं, बुरशी आणि बॅक्टेरिया रोखत होतं, स्वस्त, वास नाही, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मग २००४ मध्ये ब्रिटनमध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या २० गाठींचे नमुने तपासले आणि त्यात पॅराबेन सापडलं. सापडलं एवढंच. त्याच्यामुळे गाठ झाली असं त्या अभ्यासाने दाखवलं नव्हतं, निरोगी भागात किती असतं तेही शेजारी ठेवून मोजलं नव्हतं. पण हे वाक्य फॉरवर्डमध्ये बसत नाही, लांबतं, ते गाळायचं. युरोपने २०१४ मध्ये पाच प्रकारची पॅराबेन बंद केली आणि प्रोपिल-ब्युटिल या आणखी दोन प्रकारांची मात्रा खाली आणली हे मात्र खरं आहे (आणि माझ्या मते बरोबरच केलं), तेवढं मोठ्याने सांगायचं. मिथाइल आणि इथाइल पॅराबेन तिथे आजही एकेकटं ०.४ टक्क्यापर्यंत चालतं, हे सांगायची वेळ आली की नेमका ठसका लागायला पाहिजे.

पॅराबेन काढलं की त्याच्या जागी काय, हा प्रश्न मोठमोठ्या कंपन्यांनाही पडला होता, त्यांचं काय झालं ते ऐकून ठेवा, प्रेरणा मिळते. त्यांनी आणलं मिथाइलआयसोथायाझोलिनोन. एका दमात म्हणून दाखवा, बक्षीस देते. हे आधी दुसऱ्या एका जोडीदार प्रिझर्व्हेटिव्हबरोबर अगदी थोडं वापरायचे, मग २००५ मध्ये युरोपने ते एकट्याने वापरायला परवानगी दिली, आणि एकटं जरा कमजोर पडतं म्हणून मात्रा वाढवली. क्रीममध्ये आलं, शाम्पूत आलं, बाळाच्या वेट वाइप्समध्ये आलं, भिंतीच्या रंगात तर होतंच. लेबलवर ऐटीत पॅराबेन फ्री. आणि मग लोक स्किनच्या डॉक्टरांकडे रांगा लावायला लागले, कोणाचे हात सोललेले, कोणाच्या पापण्या सुजलेल्या. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्माटायटिसवाल्या, म्हणजे काहीतरी लागून कातडीला होणारी खाज-सूज बघणाऱ्या, डॉक्टरांच्या सोसायटीने त्याला "ॲलर्जन ऑफ द इयर", वर्षातला सगळ्यात मोठा ॲलर्जीवाला, केलं, म्हणजे आपल्याकडे गणेशोत्सवात उत्कृष्ट मंडळ निवडतात तसं, फक्त खाजेसाठी. युरोपने शेवटी लावून ठेवायच्या क्रीममधून ते काढूनच टाकलं आणि धुऊन टाकायच्या वस्तूंत अगदी चिमूटभर ठेवलं. आणि गंमत म्हणजे त्याच सोसायटीने २०१९ मध्ये पॅराबेनला काय दिलं माहितीये? "नॉन-ॲलर्जन ऑफ द इयर". म्हणजे घरातून हाकललेली सून साधी होती आणि जिला वाजतगाजत आणली तिने सगळ्यांच्या तोंडाला फेस आणला.

असो. तुम्ही त्या भानगडीत पडू नका. तुमचं सगळं नॅचरल आहे.

नॅचरलमध्ये पहिला मान व्हिटॅमिन ई चा. मेडिकलमधून हिरव्या कॅप्सूल आणायच्या, टाचणीने फोडायच्या, दोन थेंब घालायचे आणि व्हिडिओत म्हणायचं "हे आपलं नॅचरल प्रिझर्व्हेटिव्ह". आपल्या भाषेत खरं तर दोन वेगळे शब्द आहेत, तेल खराब झालं की खवट होतं आणि ओली वस्तू खराब झाली की नासते. शेंगदाणे खवट होतात, वरण नासतं, कोणी म्हणत नाही की वरण खवट झालं. व्हिटॅमिन ई तेलाचं खवट होणं लांबवतं, नासणाऱ्या वस्तूला ते काहीही करत नाही, बॅक्टेरियाच्या दृष्टीने ते जवळपास सरबत आहे. पण हा फरक आजीला माहीत होता, गिऱ्हाइकाला नाही, आणि आजी प्रदर्शनाला येत नाही.

दुसरं, ग्रेपफ्रूटच्या बियांचा अर्क. हा महाग असतो, बाटली इम्पोर्टेड दिसते, फोटोत छान येते. १९९९ मध्ये जर्मनीत बाजारातले असे सहा अर्क तपासले होते. पाच जणांनी जंतू छान मारले, आणि त्या पाचही जणांत बेन्झेथोनियम क्लोराईड नावाचं चक्क सिंथेटिक प्रिझर्व्हेटिव्ह सापडलं, तिघांत तर वर ट्रायक्लोसन नावाचं जंतुनाशक आणि आपलं ते हाकललेलं मिथाइल पॅराबेन. सहाव्यात असलं काहीही नव्हतं, म्हणजे तो एकटा प्रामाणिक, आणि त्याने एकही जंतू मारला नाही. तेव्हा अर्क घेताना कंपनी अप्रामाणिक आहे ना याची खात्री करून घ्या, नाहीतर पैसे वाया.

टी ट्री, लव्हेंडर वगैरे तेलं घालायची असतील तर वासापुरती घाला. ती खरोखर काम करतील एवढी घातली तर आधी गिऱ्हाइकाची कातडी सुटते, मग बॅक्टेरियाचा नंबर लागतो, त्यातून लव्हेंडरचं तेल हवा लागून जुनं झालं की तेच ॲलर्जीचं कारण होतं. आंबवलेल्या मुळ्याचा अर्कही मिळतो, मस्करी नाही करत, किमची करतात त्या बॅक्टेरियाने आंबवतात. तो घातलात तर इंग्रजीत लिहा. "मुळा" असं मराठीत लिहिलंत तर मेलात.

आता फूड ग्रेडवाला मार्ग. सोडियम बेन्झोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट. सॉसच्या बाटलीवर बारीक अक्षरात २११ लिहिलेलं असतं तो म्हणजे हा बेन्झोएट, ज्याच्यामुळे तुम्ही पोराच्या हातातून सॉस काढून घेता तो क्रीममध्ये आला की लगेच सौम्य होतो. हे खरं म्हणजे चांगलं काम करतात, एकच अट, वस्तू आंबट पाहिजे. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ५ च्या आत असेल तर ठीक, ६ च्या आसपास गेलात की बेन्झोएटचा शंभरातला दीडेक भाग कामावर येतो, बाकीचे साडेअठ्ठ्याण्णव सहीला येऊन घरी जातात. मोजायला पीएचची पट्टी मिळते, फार महाग नसते. पण पट्टी कशाला, तुमच्या हाताला गुण आहे.

आणि ज्यांना थोडी जास्त अक्कल आहे त्यांच्यासाठी आतली वाट. कॅप्रिलिल ग्लायकॉल, एथिलहेक्सिलग्लिसरीन, हेक्सेनडायॉल ही मंडळी कागदोपत्री प्रिझर्व्हेटिव्ह नाहीत. कागदोपत्री ती त्वचेला ओलावा देतात, मऊ करतात, आणि जाता जाता, सहज, चुकून जंतू मारतात. म्हणजे ऑफिसात पोस्ट शिपायाची आणि काम साहेबाचं. ही घालून "प्रिझर्व्हेटिव्ह फ्री" लिहायचं. युरोपात २०१९ पासूनच्या नियमावलीप्रमाणे असं लिहिणं चालत नाही, "पॅराबेन फ्री" सुद्धा नको म्हणतात, कारण कायद्याने चालणाऱ्या वस्तूची उगीच बदनामी होते. आपल्याकडे तेवढा तोंडाचा संकोच नाही.

लायसन्सचं कोणी काढलंच, की विकायला कॉस्मेटिक बनवायचं तर एफडीएचं, म्हणजे अन्न आणि औषध प्रशासनाचं, लायसन्स लागतं, २०२० चे नियम आहेत, तर "मी विकत नाही हो, ओळखीतल्या लोकांना करून देते" असं म्हणायचं. ओळखीतले लोक म्हणजे तीन व्हॉट्सॲप ग्रुप.

टेस्टिंगचा विषय मात्र टाळा. मी एमआयडीसीत एका मायक्रो लॅबमध्ये, म्हणजे जंतू तपासायच्या लॅबमध्ये, बरीच वर्षं काढली आहेत म्हणून सांगते. चॅलेंज टेस्ट म्हणून एक प्रकार असतो, तुमच्या क्रीममध्ये मुद्दाम पाच प्रकारचे जंतू आणि बुरश्या सोडतात, दर ग्रॅमला लाखाच्या हिशोबात, आणि २८ दिवस बघत बसतात की क्रीम त्यांना मारतं का तेच क्रीमवर संसार थाटतात. एकदा मी मावसबहिणीकडून आलेलं कोरफड जेल, तिला न सांगता, पातळ करून जंतू वाढवायच्या प्लेटवर लावलं. साधारण नियम असा की ग्रॅमला हजाराच्या वर जंतू नकोत, लहान बाळांच्या आणि डोळ्यांच्या वस्तूंत शंभराच्या वर नकोत. दुसऱ्या दिवशी सकाळी इनक्युबेटर उघडला तर मोजायला काही शिल्लकच नाही, जंतूंच्या कॉलनी, म्हणजे ठिपके, एकमेकांत मिसळून सगळी प्लेट साय धरल्यासारखी, आणि खालच्या आगरला (ज्या जेलीवर जंतू वाढवतात ती) खालून हिरवट रंग उतरलेला. झाकण किंचित उचललं आणि गोडसर द्राक्षाचा वास आला, अगदी नाशिकची आठवण यावी असा. सुडोमोनास नावाच्या बॅक्टेरियाचा वास असाच असतो. डोळ्यात बारीकशी जखम असेल आणि हा तिथे पोचला तर बुबुळावर व्रण करतो, सत्तरच्या दशकात अमेरिकेत मस्काऱ्यातून हे झालेलं आहे. बहिणीला फोन केला तर म्हणाली, "अगं द्राक्षाचा वास येतोय म्हणजे चांगलंच ना, मी एसेन्स पण नाही घातलेला."

तेव्हा टेस्टिंग नको. उगीच डोक्याला ताप.

त्यापेक्षा आजीला पुढे करा, आजी विकते. "आमच्या आजीच्या काळात कुठे होती प्रिझर्व्हेटिव्ह?" हे वाक्य पोस्टच्या सुरुवातीला टाका, शंभर लाइक नक्की. फक्त आजीचं उटणं आठवताना ते कोरडं होतं हे आठवू नका. नागरमोथा, आंबेहळद, वाळा, गुलाबाच्या पाकळ्या, सगळं सावलीत खडखडीत वाळवलेलं, कुटलेलं, वस्त्रगाळ केलेलं, डब्यात. पहाटे वाटीत दोन चमचे काढायची, दूध नाहीतर पाणी घालायची, लावायची, वाटी धुऊन टाकायची. पाणीच नाही तर जंतू जगणार कशावर. शिकेकाई तशीच, तेलं तशीच. आज कालवलेलं उटणं उद्याला ठेवलेलं तिने बघितलं असतं तर पोळी लाटायचं लाटणं घेऊन मागे लागली असती. तिच्या लोणच्यात मीठ होतं आणि वर बोटभर तेल होतं, मुरांब्यात पाकातली साखर होती, म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह होतंच की, पण तिने त्याला नाव ठेवलं नव्हतं आणि त्याची लाज पण वाटत नव्हती. मी तर म्हणते कोरडं उटणंच विका, खरोखर काही घालायला नको, पण कोरड्या पावडरीत "ग्लो" दिसत नाही आणि तुम्हाला मलई पाहिजे, सत्तर टक्के पाणी असलेली, रुंद तोंडाच्या बरणीत.

हो, बरणी रुंद तोंडाचीच घ्या. एअरलेस पंप म्हणून एक बाटली मिळते, बोट आत जात नाही, हवा आत जात नाही, कमी प्रिझर्व्हेटिव्हवर निभावतं, पण ती प्लास्टिकची असते आणि ज्यूटच्या कापडावर शोभत नाही. बरणीच बरी. ज्या घरात लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातला तर तीन पिढ्यांचा उद्धार होतो त्याच घरात आंघोळ करून आलेली बाई ओली दोन बोटं तुमच्या क्रीममध्ये बुडवते, वर झाकण तसंच उघडं ठेवते, शेजारी गिझर चालू, आरशावर वाफ. हे रोज, तीन महिने. तुम्ही काहीच केलं नाही तरी बरणीत काहीतरी नवीन तयार होतंच होतं, नॅचरलच.

तक्रारी येणार, त्याची उत्तरं पाठ करून ठेवा. काळे ठिपके आलेत, तर ते "हर्ब्स" आहेत. वर पाणी सुटलंय, तर "ढवळून घ्या ताई, यात तेल-पाणी एकत्र धरणारं इमल्सिफायर नाही ना". वास मारतोय, तर "बाजारातल्या परफ्यूमची सवय झालीये आपल्याला". तार सुटली, म्हणजे शिळ्या वरणाला सुटते तशी चमच्याबरोबर वर आली, तर ती कोरफडीची ताकद. चेहऱ्यावर पुरळ आलं तर ते टॉक्सिन बाहेर पडतायत, अजून एक बरणी घ्या म्हणावं, पूर्ण निघून जातील.

शेवटचा उपाय फ्रीज. लेबलवर "फ्रीजमध्ये ठेवा" लिहिलं की अर्धी जबाबदारी गिऱ्हाइकाची. फक्त बरणीवर नाव ठळक लिहा आणि ती कुठल्या कप्प्यात ठेवायची तेही सांगा. मावसबहिणीची दुसरी एक बरणी, शिया बटरची, पांढरीशुभ्र, लेबल ओल्याने निघून गेलेलं, आमच्या फ्रीजमध्ये दह्याच्या शेजारी होती. रविवारी सकाळी बाबा थालीपीठ घेऊन बसले, बरणी उघडली, वर बोटभर घेतलं, मन लावून खाल्लं. मी स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत दुसरं थालीपीठ सुरू झालेलं. बरणी माझ्याकडे सरकवत म्हणाले, "लोणी जरा आंबट झालंय गं. उद्या कढवून टाक."