गरम पाणी फुकट मिळते, तेवढेच मागवावे

उन्हाळ्याच्या सुट्टीत इंग्लंडला जाणारी मराठी मंडळी कॉट्सवोल्ड्समधली मधाच्या रंगाच्या दगडांची खेडी पाहून झाली, की हमखास एखाद्या जुन्या टी-रूमकडे वळतात. तिथे कसे वागावे हे इंग्रज माणूस कधीच सांगत नाही. तो फक्त ओठ मिटून किंचित हसतो. ही उणीव भरून काढण्यासाठी, गेल्या महिन्यात अशाच एका टी-रूममध्ये शेजारच्या टेबलावरून जे शिक्षण मिळाले, त्याच्या आधारे पुढील सूचना सादर करीत आहे.

दारात ‘टेबल दाखवेपर्यंत कृपया येथे थांबावे’ अशी पाटी असते. ती इतरांसाठी असते. बाहेर पावसात छत्र्या सावरत उभी असलेली वयस्कर जोडपी हौसेने भिजत आहेत असे समजून आपण सरळ आत शिरावे आणि खिडकीशेजारच्या टेबलावर पिशवी टाकावी. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या आपल्या पूर्वजांनी या शास्त्राचा पाया केव्हाच घातलेला आहे. आपण सात जण असू आणि टेबल चौघांचे असेल, तर उरलेल्या तीन खुर्च्या आसपासून ओढून घ्याव्यात. कोपऱ्यात एकट्याच चहा पीत बसलेल्या आजीबाईंच्या समोरची खुर्ची रिकामीच धरावी, तिच्यावर त्यांची पर्स असली तरी.

बोलताना आवाज मोठा ठेवावा. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ साली स्थापन झाले असले, तरी इंग्लंडात मराठी कोणालाही कळत नाही या भरवशावर आजीबाईंच्या टोपीबद्दल, चहा आणून देणाऱ्या मुलीच्या तोंडावरच्या पुरळाबद्दल आणि शेजारच्या माणसाच्या पोटाबद्दल मोकळेपणाने चर्चा करावी. (त्या पोटाचा मालक पुढे लेख लिहील, ही शक्यता जवळजवळ नसतेच.)

मेन्यू हाती आला, की प्रथम पौंडाचे रुपये करावेत आणि निकाल सर्वांना ऐकू जाईल असा जाहीर करावा. क्रीम टी म्हणजे एक किटली चहा, दोन स्कोन (भट्टीत भाजलेले लहान, गोल पाव), जॅम आणि क्लॉटेड क्रीम. कॉर्नवॉलच्या क्लॉटेड क्रीममध्ये किमान ५५ टक्के स्निग्धांश असावा लागतो आणि ते मंद आचेवर तासन्‌तास तापवून मग थिजवावे लागते. आपण मात्र त्यात बोट बुडवून ‘ही तर साय, आमच्याकडे मांजरही हुंगणार नाही’ असा निर्णय द्यावा. डेव्हनमध्ये स्कोनला आधी क्रीम आणि मग जॅम लावतात, कॉर्नवॉलमध्ये नेमके उलटे, आणि यावरून दोन्ही परगण्यांत पिढ्यान्‌पिढ्या हमरीतुमरी चालू आहे. आपण हा वाद तत्काळ मिटवावा. स्कोन चहात बुडवावा.

तीन मजली तबक मागवलेच, तर तळातल्या काकडीच्या सँडविचपासून सुरुवात करून वरच्या केकपर्यंत जायचे असते. आपण आधी रील करावे.

करंगळी वर ठेवावी. फोटोत बरी दिसते.

आता मुख्य सूचना. किटलीतला चहा जास्त मुरला की कडू होतो, म्हणून तो चवीप्रमाणे पातळ करून घेण्यासाठी जादा गरम पाणी मागितले, तर टी-रूमवाले ते वेगळे पैसे न लावता देतात. ही रीत ज्याने पाडली, त्याची आपल्याशी गाठ पडलेली नसावी. सात जणांत मिळून एक क्रीम टी मागवावा, सहा रिकामे कप मागावेत आणि मग गरम पाणी मागावे. पाणी आले, की पर्समधून आले-वेलचीच्या झटपट चहाची पाकिटे काढावीत, त्यांच्या नक्षीच्या कपांत ती फोडावीत आणि त्यांच्याच चमच्यांनी ढवळावीत. पाणी संपले, की पुन्हा मागावे. ते पुरेसे उकळते नाही अशी तक्रार करून पुन्हा मागावे. सोबत डब्यातले मेथीचे ठेपले आणि बाकरवडी टेबलावर मांडावी, निम्मी गालिच्यावर सांडावी, आणि ती मुलगी संकोचत जवळ येऊन बाहेरचे खाणे इथे चालत नाही असे पुटपुटली, की आजोबांकडे बोट दाखवून ‘डायबेटिस’ म्हणावे. आजोबा त्या क्षणी चमच्याने जॅम खात असले तरी बिघडत नाही. बाहेरच्या रांगेतली ओली माणसे काचेतून आत पाहू लागली, तर त्यांना हात हलवून दाखवावा. शेजारच्या टेबलावर बसण्याआधी मी त्या रांगेत होतो, म्हणून मला ठाऊक आहे की तो हात खूप वेळ हलतो.

कोणी नाक मुरडलेच, तर ‘यांनी दीडशे वर्षे आपल्याला लुटले’ हे अस्त्र काढावे. त्यानंतर जॅमच्या इवल्या बाटल्या आणि साखरेच्या पुड्या पर्समध्ये टाकल्या, तर ती कोहिनूरची हप्त्याने केलेली वसुली ठरते.

लूट झाली, नाही कोण म्हणतो? आसामचा चहा १८३९ साली लंडनच्या लिलावात पहिल्यांदा विकला गेला, आणि त्यानंतर छोटा नागपूरच्या परिसरातून करारावर मळ्यांत नेलेल्या मजुरांचे जे हाल झाले, ते सांगायला हे टेबल पुरणार नाही. त्यांची पतवंडे आजही तीच पाने खुडत आहेत, आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात त्यांची रोजची मजुरी २०२३ साली वाढली, तेव्हा ती २५० रुपये झाली. तुमच्या पाकिटातला चहा कोणी खुडला, हे त्या टेबलावरच्या सातांपैकी एकाने तरी कधी विचारले आहे का? शनिवारच्या दिवशी किमान वेतनावर कप उचलणाऱ्या एका पोरीसमोर बाकरवडी सांडून कोणत्या मजुराचे देणे फिटले?

ती मुलगी अखेर माझ्याकडे आली. माझा रंग पाहून, आणि तसे पाहिल्याची क्षमा मागून, तिने विचारले की तुम्ही त्यांना जरा समजावून सांगाल का. मी सांगितले, शुद्ध मराठीत. सातही जण घटकाभर गप्प झाले. मग त्यांच्यातले काका प्रसन्नपणे म्हणाले, “अरे वा, तुम्ही आपलेच निघालात! या की, चहा घ्या. पाणी मागवतो.”

तर काका, तिथे जे बोललो नाही ते आता ऐका. ती जागा धर्मशाळा नाही. सकाळी उठून कोणीतरी ते स्कोन भाजतो, दुपारी साडेचारला दुकान बंद करतो आणि त्या मधल्या वेळात टेबले किती वेळा भरली, यावर त्याचे भाडे निघते. तुम्ही खिडकीचे टेबल अडवून त्याला एका किटलीचे पैसे दिलेत आणि कमी वाटले म्हणून बाटल्या उचलल्यात. एरेटेड ब्रेड कंपनीने १८६४ साली लंडनमध्ये टी-शॉप उघडले, आणि पुढे अशाच दुकानांमुळे एखाद्या बाईला पुरुषाच्या सोबतीवाचून, कोणी वळून न बघता, एकटीने बसून चहा पिता येऊ लागला. ज्या आजीबाईंची पर्स तुम्ही जमिनीवर ठेवलीत, त्या तशाच बसल्या होत्या, आणि अर्धा चहा टाकून उठून गेल्या. तुमच्यापैकी एकाचेही तिकडे लक्ष नव्हते, कारण तुम्ही त्यांच्या टोपीला हसत होता. तुम्हाला त्यांचा चहा आवडत नाही, यात गैर काही नाही. मलाही आल्याचाच आवडतो. मग हॉटेलच्या खोलीत किटली असते, तिथे तो करा, थर्मासमध्ये भरा आणि नदीकाठच्या बाकावर बसून सात जण पोटभर प्या. ठेपले तिथेच खा. टी-रूममध्ये जायचेच असेल, तर दारात थांबा, सात जणांचे मागवा आणि त्या मुलीला टीप ठेवा.