मंगला ऊर्फ माग्दा

पैसेवाल्या परदेशी माणसाला आपल्या देशात कायमचं राहायचं असेल तर त्यासाठी २०१६ पासून एक योजना आहे. दीड वर्षात दहा कोटी रुपये गुंतवायचे, नाहीतर तीन वर्षांत पंचवीस कोटी, आणि दरवर्षी वीस भारतीयांच्या हाताला काम द्यायचं. माझी बायको माग्दा पोलंडची. लग्न करून आमच्या घरी आली तेव्हा तिच्याजवळ दोन सुटकेसा आणि एक घडीची सायकल होती. संत्र्याच्या तोडीला वीस माणसं आमच्याकडे सहज लागतात, तेवढी अट आम्ही पुरी केली असती. अडलं ते दहा कोटींवर. म्हणून आम्ही गरिबाचा रस्ता धरला, म्हणजे ओसीआय कार्ड, 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया'. नाव नागरिकाचं, पण माणूस परदेशीच राहतो. एकदा मिळालं की जन्मभर व्हिसाची कटकट नाही.

या रस्त्याची अट कागदावर सोपी दिसते. नागरिकत्व कायदा १९५५, कलम ७अ. लग्न नोंदवलेलं पाहिजे आणि अर्जाआधी सलग दोन वर्षं टिकलेलं पाहिजे. तोवर व्हिसाची मुदत वाढवत राहायचं. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बराबर हाय. दोन वर्सं काढली का मंग बाई कोठी जात नाही. सरकारात कोनीतरी शहानी सासू बसली हाय."

लग्न आम्ही १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली केलं. त्यात तीस दिवसांची नोटीस फळ्यावर लागते, कोणाला हरकत असेल तर घ्यावी म्हणून. आमच्या गावची माणसं ती वाचायला गाडी करून गेली. हरकत कोणाची नव्हती, नोटिशीत गावाचं नाव छापून आलं याचंच कौतुक. मग गावात पुन्हा अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि त्याच दिवशी आत्याबाईंनी जाहीर केलं की हे असलं नाव जिभेवर बसत नाही, आजपासून ही मंगला. आमच्या अर्जाची साडेसाती त्या मुहूर्तावर सुरू झाली.

कारण गाव जे करतं ते मनापासून करतं. महिन्याभरात माग्दा हे नाव फक्त तिच्या पासपोर्टात उरलं. ग्रामपंचायतीत रहिवासी दाखला मागितला, तर शिपायानं चहा पाजून, कागद-बिगद काही न मागता, पाच मिनिटांत हातात ठेवला. सौ. मंगला, पुढं माझं नाव, पुढं आमचं आडनाव, गोल शिक्का. मी म्हटलं, भाऊ, पासपोर्टावर वेगळं नाव आहे. तो म्हणाला, "पासपोर्ट चुकला असन. आमी रोज पाह्यतो ना त्याह्यले." मग वकिलाकडून प्रतिज्ञापत्र झालं, की मंगला आणि माग्दा या दोन बाया नसून एकच बाई आहे. त्यावर सही करताना ती म्हणाली, "नक्की ना? मले बी आता डाऊट येते."

त्यात पोलिश आडनावांची वेगळीच तऱ्हा. बापाच्या आडनावाच्या शेवटी 'स्की', तर लेकीच्या शेवटी 'स्का'. अर्ज तपासणाऱ्या बाबूनं पेन खाली ठेवलं. "बापाचं अन् पोरीचं आडनाव जुळत नाही." मी समजावलं की तिकडे अशीच पद्धत आहे. "असन, पन फॉर्मात बसत नाही." पोलिश माणसं महाराष्ट्राला काही नवीन नाहीत. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला त्यांची अख्खी वसाहत होती, पाच हजारांच्या आसपास माणसं. पण कोल्हापूर वऱ्हाडापासून इतकं दूर, की आमच्याकडे पोलंड काय अन् कोल्हापूर काय, दोन्ही परदेशच.

पत्त्याचा पुरावा म्हणून विजेचं बिल लागतं. आमचं बिल आबाजींच्या, म्हणजे आजोबांच्या, नावावर येतं. आबाजींना जाऊन बरीच वर्षं झाली, तरी मीटरवर तेच आहेत. विदर्भातल्या कोणत्याही घरी जाऊन पाहा, वर फोटोत हार घातलेला माणूस आणि खाली बिलावरचा ग्राहक एकच निघेल. मग आबाजींचा मृत्यू दाखला, माझं त्यांच्याशी नातं दाखवणारा कागद, माझं माग्दाशी नातं दाखवणारा कागद. म्हणजे पोलंडमधून आलेली बाई इथं राहते हे सिद्ध करायला आमचे आबाजी इथं राहत नाहीत हे आधी सिद्ध करावं लागलं.

फोटोचं तर विचारूच नका. ५१ मिलिमीटर चौरस, मागचा रंग फिका हवा पण पांढरा नको. तालुक्याच्या फोटोवाल्याकडे दोनच पडदे, एक पांढरा आणि एक गडद निळा. शेवटी त्यानं घरून बेडशीट आणली, फिकी पिस्ता रंगाची, कोपऱ्यात गुलाबाचं फूल होतं ते खुर्चीमागं दडवलं. फोटो झकास आला. फक्त माग्दाच्या नाकावर आणि गालांवर बारीक तपकिरी ठिपके आहेत, ते गायब. "वहिनीचे वांग काढून टाकले, त्याचे पैसे नाही घेत," तो म्हणाला. पासपोर्टात ठिपके, फोटोत नाहीत. पुन्हा एकेक करून लावून घेतले. चार त्यानं अंदाजानं जास्त लावले.

खरी मजा पोलीस चौकशीत झाली. मी वावरात होतो, संत्र्याच्या आंब्या बहाराची फळगळ सुरू होती. जमादारसाहेब मोटरसायकलवर आले आणि शेजारच्या म्हातारीला विचारू लागले, "इथं कोनी परदेशी बाई रायते का?" पोलीस पाहून म्हातारी सावध झाली. आपल्या माणसावर काही बालंट यायला नको.

"परदेशी? आमच्या गावात? नाही रे बाप्पा."

"माग्दा नावाची."

"अशी कोनीच नाही."

"मंग ह्या घरी कोन रायते?"

"मंगला. सून हाय त्याह्यची."

मंगला तेव्हा ओट्यावर गाउनवर ओढणी घेऊन सुपात तूर निवडत होती. पावणेसहा फूट उंची, सोनेरी वेणी. जमादारांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा म्हातारीकडे, आणि सदर इसम पत्त्यावर आढळून येत नाही असं लिहायला घेतलं. तेवढ्यात मंगलाच उठली, त्यांना पाणी दिलं आणि म्हणाली, "बसा ना भाऊ, मीच ते परदेशी." त्यांनी नियमाप्रमाणे विचारलं, "लग्न राजीखुशीनं केलं काय?" ती म्हणाली, "हाव." जमादारांनी तो 'हाव' तसाच जबाबात उतरवला.

शेजाऱ्यांपैकी दोघांचे जबाब पाहिजे होते. एक म्हातारीचा झाला, पहिलं बोलणं फिरवून. दुसरं घर काकाचं. काकाशी आमचं धुऱ्याचं, म्हणजे वावराच्या बांधाचं, भांडण आबाजींच्या काळापासून चालू आहे, आणि परदेशी सून म्हणजे आता वावर विलायतेला जाणार अशी त्याची पक्की समजूत. मी त्याला नियम दाखवला. ओसीआय कार्डवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, फार्महाऊसही नाही. काकानं चष्मा लावून दोनदा वाचलं आणि घसा साफ करून जमादारांना सांगितलं, की अशी लक्ष्मी साऱ्या तालुक्यात नाही, लिहून घ्या. त्या नियमाची झेरॉक्स तो अजून बंडीच्या खिशात घेऊन फिरतो. वारसानं आलेली जमीन मात्र घेता येते, हे त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. त्याबद्दल एवढंच सांगतो, की आमच्याकडे रेंज पाण्याच्या टाकीवर येते आणि थ्री फेज रात्री. फी पंधरा हजार रुपये.

कार्ड आलं तेव्हा आईनं ते आधी देवापुढं ठेवलं, मग माग्दाला म्हणाली, "झाली ना आता इथची? चाल, भाकरी टाकू." ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचे उमेदवार हात जोडून आले, तेव्हा तिनंच सांगितलं की या कार्डावर मत देता येत नाही. तरी एक जण साडी ठेवून गेला. म्हणाला, कायदा बदलला तर ध्यानात असू द्या.

आता सारं सुरळीत आहे, फक्त कार्डाबरोबरच्या नियमांत एक ओळ निघाली. जोडीदार म्हणून कार्ड मिळालेल्यानं दरवेळी नवा पासपोर्ट काढला की त्याची प्रत चढवायची, आणि लग्न अजून टिकून आहे असं लिहून द्यायचं. पोलंडचा पासपोर्ट दहा वर्षांचा. मी ती ओळ वाचून विसरलो होतो. माग्दानं नाही. परवा भांडी घासायची पाळी कोणाची यावरून वाद झाला, तर ती शांतपणे भिंतीवरच्या कॅलेंडरजवळ गेली, बोट टेकवलं आणि म्हणाली, "पासपोर्ट संपाले दोन वर्सं हायेत. लिहून द्यायचं का नाही, ते पाह्यतो मी तुह्या वागन्यावरून."

भांडी मीच घासली.