'पस्तीस लाखांहून अधिक लोकसंख्येची काउंटी' म्हणजे कोण?

गेल्या आठवड्यात आमच्या सबडिव्हिजनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चांगलंच तापलं होतं. रस्त्यापलीकडे भाताची जुनी शेती होती, तिथे आता नवी वसाहत उभी राहतेय. दिवसभर बुलडोझर चालू असतात. २०१७ मध्ये हार्वी वादळात गुडघाभर पाण्यातून मुलांना खांद्यावर घेऊन बाहेर पडलेली माणसं आम्ही. ह्यूस्टनच्या पश्चिमेला कुणी नवीन काँक्रीट ओतायला लागलं की आमच्या पोटात गोळा येतो. 'काउंटीने परवानगी दिलीच कशी?' 'कमिशनर झोपा काढतोय का?' 'पुढच्या निवडणुकीत पाडा त्याला.' यातली निम्मी माणसं आपली, मराठी. मी तीनदा उत्तर लिहिलं आणि तीनदा पुसलं, कारण चार ओळींत सांगण्यासारखं ते नव्हतं. म्हणून इथे लिहितेय, सवडीने वाचा.

टेक्ससमध्ये शहराच्या हद्दीबाहेर कुठे घरं बांधायची, कुठे गोदाम आणि कुठे काहीच नाही, हे ठरवायचा अधिकार मोजके अपवाद सोडले तर काउंटीला, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या स्थानिक कारभाराला, नाहीच. काउंटीकडे येतो तो प्लॅट, म्हणजे जमिनीचे तुकडे पाडल्याचा नकाशा. रस्ते किती रुंद, पाण्याचा निचरा कुठून, एवढं तपासायचं. आणि २०१९ मध्ये राज्याच्या विधिमंडळात हाऊस बिल ३१६७ हे विधेयक आलं, त्याने या तपासणीची मुदतही साठ दिवसांवरून तीसवर आणली. तीस दिवसांत काउंटीने मंजूर, नामंजूर किंवा 'या अटींवर मंजूर' असं काहीच कळवलं नाही, तर नकाशा आपोआप मंजूर. बिल्डरांची तक्रार होती की फाइली महिनोन्‌महिने पडून राहतात, आणि ती खोटी नव्हती. पण नकाशा तपासणारा इंजिनिअर तोच, त्याच्या टेबलावरचा ढीग तोच, फक्त दिवस निम्मे झाले.

हे बिल राज्याच्या राजधानीत, ऑस्टिनमध्ये, समितीपुढे होतं तो २०१९ चा एप्रिल-मे. तेव्हा आमच्या ग्रुपवर कसली चर्चा चालली होती ते मला पक्कं आठवतं. लोकसभेची निवडणूक. बारामतीत काय होणार, मावळात काय होणार. रात्री जागून निकाल पाहिले आम्ही. मीही पाहिले. आणि आमच्या घरामागच्या पाण्याचा निकाल लागत होता तो पाऊण तासाच्या विमानप्रवासाइतक्या अंतरावर, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मी एका मध्यम आकाराच्या काउंटीच्या ऑडिटर कार्यालयात काम करते. एरवी माझं काम आकड्यांचं. पण विषम वर्ष उजाडलं की जानेवारीपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत माझ्याकडे आणखी एक काम येतं: विधिमंडळात दाखल होणाऱ्या बिलांपैकी आमच्या काउंटीच्या तिजोरीला, तुरुंगाला, रस्त्यांना, निवडणुकीला कोणतं लागू होतंय ते हुडकून काढायचं. टेक्ससचं विधिमंडळ, म्हणजे हाऊस आणि सिनेट ही दोन सभागृहं, दोन वर्षांतून एकदाच भरतं, १४० दिवस. तेवढ्यात आठ हजारांच्या वर बिलं पडतात. त्यातली हजार-बाराशे पार होतात, बाकीची वाटेत मरतात. पण कोणती मरणार ते आधी कळत नाही, म्हणून सगळ्यांवर डोळा ठेवावा लागतो.

हे काम मला जड गेलं नाही, याचं श्रेय बाबांना. ते जिल्हा परिषदेत आस्थापना विभागात होते. मुंबईहून नवा जीआर आला की त्याची एक झेरॉक्स घरी यायची. जेवणं झाली की बाबा जुना आणि नवा जीआर सतरंजीवर शेजारी शेजारी मांडायचे आणि तांबड्या पेन्सिलीने ओळीओळीने खाली जायचे. "बघ, इथे 'करता येईल' होतं, तिथे 'करावे' झालंय. एवढ्या एका शब्दानं उद्यापासून चौदा शाळांचं काम वाढलं." मला तेव्हा ते कंटाळवाणं वाटायचं.

पण एक फरक आहे, आणि आपल्या लोकांना तो सांगितला की ते चकित होतात. आपल्याकडे १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायत राजला घटनेत जागा मिळाली. ती किती पाळली जाते हा वेगळा मुद्दा, २०२२ नंतर वर्षानुवर्षं बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसलेले आपण पाहिलेत. पण निदान घटनेत बोट ठेवून दाखवायला ओळ तरी आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेत 'काउंटी' हा शब्दच नाही. देशात तीन हजारांवर काउंट्या आहेत, तुरुंग, न्यायालयं, मतदान, जमिनीच्या नोंदी, साथीचे रोग हे सगळं त्या सांभाळतात, पण त्या पूर्णपणे राज्याच्या मर्जीवर. १८६८ मध्ये आयोवाच्या न्यायालयात न्यायमूर्ती जॉन डिलन यांनी लिहून ठेवलं की स्थानिक संस्था विधिमंडळाने जन्माला घातलेल्या, विधिमंडळ देईल तेवढेच त्यांचे अधिकार. त्याला आजही 'डिलनचा नियम' म्हणतात. टेक्ससमधल्या मोठ्या शहरांना स्वतःची सनद करता येते, काउंटीला तेही नाही. कायद्यात 'काउंटीला हे करता येईल' असं कुठेतरी लिहिलेलं सापडलं पाहिजे, नाही सापडलं तर करता येत नाही.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येते.

टेक्ससच्या राज्यघटनेत तिसऱ्या अनुच्छेदाचं ५६ वं कलम आहे. एखाद्या विशिष्ट काउंटीचा कारभार ठरवणारा खास कायदा विधिमंडळाने करू नये, असं ते सांगतं. त्यामुळे बिलात काउंटीचं नाव येत नाही. त्याऐवजी येते लोकसंख्या. याला ऑस्टिनमध्ये 'ब्रॅकेट' म्हणतात. २०२३ मध्ये सिनेट बिल १७५० आलं: ३५ लाखांहून अधिक लोकसंख्येच्या काउंटीत निवडणूक प्रशासक हे पद राहणार नाही, त्याची कामं काउंटी क्लार्क आणि कर अधिकाऱ्याकडे जातील. वाचताना वाटतं, राज्यभराचा नियम आहे. २०२० च्या जनगणनेत हॅरिस काउंटी, म्हणजे आपलं ह्यूस्टन, ४७ लाखांवर होती. तिच्याखालोखाल डॅलस, २६ लाख. म्हणजे ३५ लाखांच्या वर एकच काउंटी. आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या मतदानात तिथे काही केंद्रांवर मतपत्रिकांचा कागद कमी पडला होता, त्यावरून गदारोळ झाला होता, त्यातून हे बिल आलं. हॅरिस काउंटी कोर्टात गेली, पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा थांबवला नाही आणि १ सप्टेंबर २०२३ ला ते पद गेलं. कागद कमी पडणं ही मतदाराशी केलेली गंभीर हयगय होती, तिचा जाब विचारायलाच हवा होता. पण दोनशे चोपन्न काउंट्यांपैकी एकीनेच कारभाराची घडी कशी बसवायची ते इतरांनी ठरवायचं, आणि तेही तिचं नाव न घेता, हे मला पटत नाही.

म्हणून मी बिलं शोधताना 'काउंटी' हा शब्द शोधतच नाही, तो हजारोंत असतो. मी शोधते 'विथ अ पॉप्युलेशन ऑफ'. आणि 'ॲडजेसंट टू', म्हणजे 'लागून असलेली'. '३३ लाखांहून अधिक लोकसंख्येच्या काउंटीला लागून असलेली काउंटी' असं दिसलं की फोर्ट बेंड, ब्रझोरिया, मॉन्टगमरीवाल्यांनी कान टवकारावेत, ते तुमच्याचबद्दल असू शकतं. जनगणना झाली की हे आकडे सरकतात आणि एकीसाठी केलेला कायदा नकळत दुसरीला लागू होऊ शकतो. २०२० नंतर हे सगळे आकडे नीट लावायला २०२३ मध्ये स्वतंत्र जाडजूड बिल करावं लागलं.

टेक्ससच्या बिलांची एक सोय मला मनापासून आवडते. कायद्यात नव्याने घातलेले शब्द अधोरेखित असतात आणि काढलेले शब्द कंसात, मधून रेघ मारून. बाबांची तांबडी पेन्सिल छापूनच येते म्हणा ना. अडचण पुढे होते. समितीत गेल्यावर मूळ मजकूर बाजूला सारून 'कमिटी सब्स्टिट्यूट' येतो. बिलाचा क्रमांक तोच, मथळा तोच, आत मात्र वेगळंच. आणि त्यातल्या रेघा जुन्या कायद्याशी तुलना करून मारलेल्या असतात, परवाच्या मसुद्याशी नव्हे. म्हणजे दोन मसुद्यांत काय बदललं ते तुम्हालाच शोधायचं.

एका अधिवेशनात जमीनमालकांना नोटीस पाठवण्याबाबतचं एक बिल होतं. पहिल्या मसुद्यात काउंटी नोटीस रजिस्टर पोस्टाने 'पाठवू शकेल' असं होतं. मी ते हिरव्या रंगात टाकलं, म्हणजे काळजीचं कारण नाही. तीन आठवड्यांनी समितीचा मसुदा आला. रात्री साडेदहा वाजले होते, मुलगी झोपली होती, स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन्ही कागद शेजारी मांडले आणि 'मे' होतं तिथे 'शॅल' दिसलं. अंगावर काटा आला. आर्थिक परिणामाच्या टिपणात मात्र नेहमीचंच वाक्य होतं की स्थानिक संस्थांवर लक्षणीय आर्थिक भार अपेक्षित नाही. मी आमच्या काउंटीतल्या नोटिसा मोजल्या, त्याला पोस्टाच्या दराने गुणलं आणि सकाळी साहेबांच्या टेबलावर ठेवलं. एका उपशेरीफच्या वर्षाच्या पगाराहून जास्त रक्कम होती ती. आम्ही कळवलं, इतर काउंट्यांनीही कळवलं. शेवटी ते बिल बारगळलं, पण आमचं पटलं म्हणून नाही. मे महिन्यात एका गुरुवारी मध्यरात्रीनंतर हाऊसची बिलं हाऊसमध्ये घेता येत नाहीत, त्या मुदतीत ते अडकलं. पुढच्या अधिवेशनात वेगळ्या क्रमांकाने परत आलं.

राज्याने काउंटीला कधीच लगाम घालू नये असं माझं म्हणणं नाही. २०१९ च्या सिनेट बिल २ ने काउंटीला आणि शहरांना मालमत्ता कराचं उत्पन्न मतदारांना न विचारता वर्षाला साडेतीन टक्क्यांपर्यंतच वाढवता येईल, असं ठरवलं. आधी ती मर्यादा आठ टक्के होती, आणि ती ओलांडली तरी लोकांनी सह्या गोळा केल्या तरच मतदान व्हायचं. घराचं मूल्यांकन दरवर्षी उडी मारत असताना मलाही त्या कायद्याचा दिलासा वाटला. पण त्याच राज्याचे कायदे काउंटीला सांगतात की ज्याला वकील परवडत नाही त्या आरोपीचा वकील द्या, गरिबाचे उपचार करा, तुरुंग अमुक मापाचा ठेवा. वकिलांच्या खर्चाचा मोठा वाटा काउंटीच उचलते. आणि नियम बहुधा सगळ्यांना सारखाच. लव्हिंग काउंटीत २०२० मध्ये माणसं होती ६४, हॅरिसमध्ये ४७ लाख.

समितीच्या सुनावणीला मी दोनदा ऑस्टिनला गेलेय. कॅपिटलच्या, म्हणजे विधानभवनाच्या, पोटात जमिनीखाली मजले आहेत, तिथे या खोल्या. सकाळी नाव नोंदवायचं आणि बसायचं, नंबर कधी लागेल सांगता येत नाही. माझ्या शेजारी पश्चिम टेक्ससमधल्या एका छोट्या काउंटीचे जज बसले होते. इथे काउंटी जज म्हणजे काउंटीचा कार्यकारी प्रमुख. पहाटे तीनला गाडी काढून सात तास चालवत आले होते. त्यांच्या काउंटीत बिलं वाचायला वेगळा माणूस नाही, ते आणि त्यांची सहायक मिळून वाचतात. रात्री पावणेदहाला त्यांचं नाव पुकारलं. दोन मिनिटं. पहिलं अर्धं मिनिट आभार मानण्यात गेलं. बाहेर आल्यावर म्हणाले, निदान कुणीतरी आलं होतं एवढं त्यांच्या नोंदीत राहील. आणि पुन्हा सात तास मागे.

अशा काउंट्यांसाठी राज्यातल्या काउंट्यांची संघटना बिलं वाचते, सावध करते. आता ही वाटसुद्धा बंद व्हायची लक्षणं आहेत. स्थानिक संस्थांनी जनतेच्या पैशातून विधिमंडळात लॉबिंग करू नये, असं बिल २०१९ पासून प्रत्येक नियमित अधिवेशनात येतंय. सिनेटमध्ये पार होतं, हाऊसमध्ये अडतं. त्यामागचा राग मी समजू शकते. माझ्याच कराच्या पैशातून कुणी माझ्या करसवलतीविरुद्ध भांडत असेल तर मलाही चीड येईल. पण मोठ्या कंपन्यांचे लोक त्या जमिनीखालच्या मजल्यांवर रोज असतात. सात तास गाडी चालवून येणाऱ्या जजच्या बाजूने कागद वाचणारं कुणी नको, हे मला मान्य नाही.

पुढचं अधिवेशन १२ जानेवारी २०२७ ला सुरू होईल. बिलं नोव्हेंबरपासूनच दाखल व्हायला लागतात. 'टेक्सस लेजिस्लेचर ऑनलाइन' या सरकारी साइटवर फुकट खातं काढता येतं, बिल यादीत टाकलं की त्यावर काही हालचाल झाली की ईमेल येतो. सुनावण्या घरबसल्या दिसतात. आणि हाऊसच्या समितीपुढच्या बिलावर ऑनलाइन मत नोंदवता येतं. त्यासाठी मतदार असायची गरज नाही, टेक्ससचे रहिवासी असलात की पुरे. ग्रीन कार्डच्या रांगेत पंधरा वर्षं उभे असलेल्या, घराचा कर पै न्‌ पै भरणाऱ्या आपल्या लोकांसाठी हे मुद्दाम सांगतेय. समितीचे लोक ते सगळं वाचतात की नाही, मी छातीठोक सांगणार नाही. पण ते समितीच्या सभासदांकडे जातं.

मला आमच्या सबडिव्हिजनमधले चार जण हवेत. एकाने पाण्याचा निचरा आणि प्लॅट बघायचे, एकाने मालमत्ता कर, एकाने मड, म्हणजे आपल्याला पाणीपुरवठा करतो तो डिस्ट्रिक्ट, आणि एकाने फक्त लोकसंख्येचे आकडे शोधायचे. आठवड्यातून एक तास, रविवारी सकाळी, माझ्या घरी. पोहे मी करते. कॉलिन, डेंटन, विल्यमसनमधल्या कुणाला असा गट करायचा असेल तर कमेंटमध्ये काउंटीचं नाव लिहा, शोधायच्या शब्दांची माझी यादी पाठवते.