लॅबकडून उत्तर: सहा दिवसांचा हिशोब

नमस्कार सर,

वडिलांच्या रिपोर्टसाठी ताटकळावं लागलं आणि आमच्याकडून साधा फोनही गेला नाही, याबद्दल माफी मागते. फोन जायलाच हवा होता.

पण तुम्ही लिहिलेलं 'दोन मिनिटांचं कॉम्प्युटरचं काम, त्याला सहा दिवस लावले, डॉक्टरने स्लाइड बघितलीही नसेल' हे वाक्य जिव्हारी लागलं. (प्रोस्टेट बायोप्सी हे तुम्हीच लिहिलंय म्हणून तेवढाच उल्लेख करते. रिपोर्टमधलं काही इथे लिहिणार नाही.)

सॅम्पल आलं शनिवारी रात्री पावणेआठला. शटर अर्धं खाली आलं होतं, तरी घेतलं. शेवयांच्या तुकड्यांसारखे 12 कोअर, म्हणजे सुईने काढलेले प्रोस्टेटचे बारीक तुकडे. ते टिकावेत म्हणून फॉर्मॅलिन या रसायनात निदान 6 तास तरी ठेवावे लागतातच, आणि रविवारी टेक्निशियन नसतो. सोमवारी रात्रभर प्रोसेसिंग, म्हणजे तुकड्यांतलं पाणी काढून मेण भरणं. मंगळवारी सकाळी मेणाचे ब्लॉक, त्यांचे 3-4 मायक्रॉनचे (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) काप, मग स्टेन, म्हणजे पेशी दिसाव्यात म्हणून रंग. त्यानंतर स्लाइड स्कॅनरमध्ये गेल्या. तुमची ती दोन मिनिटं मंगळवारी दुपारची! त्याआधीचं सगळं हातानं आणि रसायनांनीच होतं, तिथे स्लाइड बघणारं एआय सॉफ्टवेअर काय करणार?

ते सॉफ्टवेअर फक्त संशयाच्या जागेवर खूण करतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध आणि वैद्यकीय उपकरण नियामक संस्थेने प्रोस्टेटच्या स्लाइडसाठी असं पहिलं सॉफ्टवेअर 2021 मध्ये मंजूर केलं, तेही पॅथॉलॉजिस्टच्या, म्हणजे माझ्यासारख्या स्लाइड तपासणाऱ्या डॉक्टरच्या, मदतीला म्हणूनच. खूण बरोबर की चूक हे मलाच ठरवावं लागतं, सही माझी असते. तुमच्या स्लाइड मी तीनदा पाहिल्या. खात्रीसाठी इम्युनो स्टेन, म्हणजे ठरावीक प्रथिनं दाखवणारे खास रंग, लावले, त्यात बुधवार-गुरुवार गेले. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत, बिल बघा. स्कॅनरचे हप्ते अजून चालू आहेत, तरीही.

आणखी एक. 'बटण दाबता येत नाही का' हे तुम्ही काउंटरवरच्या ज्या मुलीला ऐकवलंत, तिला कामाला लागून महिनाही झाला नव्हता. त्या दिवशी तिने जेवणाचा डबा न उघडता परत नेला. काळजीपोटी माणूस बोलून जातो, कळतं मला.

यापुढे पावतीवर अंदाजे तारीख लिहू. उशीर होणार असेल तर व्हॉट्सॲपवर कळवायचंही बघतोय.

ब्लॉक आणि स्लाइड जपून ठेवलेत. दुसरीकडे दाखवायचे असतील तर पावती घेऊन या. कोथरूडमध्ये असलो तरी दुपारी 1 ते 4 उघडे असतो.