लोगो मागायला येताना पत्र घेऊन या

पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या गल्लीत माझं छपाईचं दुकान आहे, आणि दिवसातून एकदा तरी कोणीतरी येऊन म्हणतं, दादा, पुणे विद्यापीठाचा लोगो टाका ना वरती, गुगलवर मिळेल. गेली कित्येक वर्षं मी पण टाकत होतो. आता नाही टाकत, आणि का ते आज लिहितोच.

मागच्या महिन्यात एक ताई मुलीचं सर्टिफिकेट लॅमिनेट करायला घेऊन आल्या. जाड कागद, सोनेरी गोल शिक्का, हुबेहूब विद्यापीठाच्या चिन्हासारखा, खाली "यः क्रियावान् स पण्डितः" हे विद्यापीठाचं ब्रीदवाक्य सुद्धा. बोट फिरवलं तर सपाट, साधी डिजिटल प्रिंट. आणि तळाला एकदम बारीक अक्षरात एका खाजगी क्लासचं नाव. त्या विचारत होत्या, यावर पुढे ॲडमिशन मिळेल ना? मला तोंडच उघडवेना. पोरीची दोन वर्षं आणि घरातले पैसे गेले होते त्या शिक्क्याच्या भरवशावर.

म्हणून सांगतो, लोगो आणि शिक्का एक नाही. लोगो रोजचा, लेटरहेडवर, कार्यक्रमाच्या बॅनरवर, वेबसाइटवर. शिक्का म्हणजे मुद्रा, विद्यापीठाने स्वतः दिलेला शब्द, तो पदवीवर आणि अधिकृत कागदावरच शोभतो. मगवर, किचेनवर, क्लासच्या फ्लेक्सवर तो कशाला? आणि नुसतं "विद्यापीठ" म्हणवून घ्यायलाही १९५६ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्याचं कलम २३ आडवं येतं, वाट्टेल त्याला ते नाव लावता येत नाही.

ट्रेडमार्कचंही, म्हणजे नाव किंवा चिन्ह स्वतःच्या नावावर नोंदवण्याचंही, तसंच. १९९९ चा कायदा आहे, नोंदणी १० वर्षांची, मग परत रिन्यू करायची, आणि ती वस्तू-सेवांच्या ठरलेल्या वर्गांप्रमाणे होते, शिक्षण वर्ग ४१ मध्ये, कपडे वर्ग २५ मध्ये. नोंदणी नसताना गोलातला आर (®), म्हणजे नोंदणी झाल्याची खूण, लावणं चालत नाही तरी लोक डिझाइन छान दिसतं म्हणून लावायला सांगतात!

पण पोरांवर डाफरणं मला अजिबात पटत नाही. गॅदरिंगच्या टीशर्टवर आपल्या विद्यापीठाचा लोगो हवा असं वाटणं हे प्रेमच आहे की. त्यांच्यासाठी विद्यापीठाने चांगली फाइल, ठरलेले रंग आणि दोन दिवसांत मिळणारी परवानगी एवढं तरी ठेवावं, नाहीतर पोरं स्क्रीनशॉट काढूनच आणणार, कडा फाटलेला. विद्यापीठाचं नाव २०१४ साली सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, तरी माझ्याकडे अजून जुन्या नावाच्या फायली येतात, सावित्रीबाईंचं नावच गायब, ते बघून खरंच वाईट वाटतं.

तर आता मी विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र मागतो. काहीजण चिडून शेजारच्या दुकानात जातात, जाऊ देत. विद्यार्थ्यांनो, तुम्ही मात्र पत्र आणा, फाइल मी स्वतः बसून नीट करून देईन आणि त्या कामाचा एक रुपया घेणार नाही.