पांढरं जातंय म्हणून सगळ्यांनीच अँटिबायोटिक घ्यायचं? त्या मेसेजबद्दल थोडं

माझ्या जावेला पाचवा महिना चालूय. परवा रात्री तिने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, "ताई, मी घेऊ का हा कोर्स?" मेसेजमध्ये म्हटलंय की गरोदरपणात अंगावरून पांढरं जाणं म्हणजे इन्फेक्शन, इन्फेक्शन म्हणजे बाळ दिवस भरायच्या आधी होणार, म्हणून प्रत्येकीने पाचव्या महिन्यात सात दिवस अँटिबायोटिक घ्यावं, रोज आतून धुवावं, आणि नवऱ्याला यात घ्यायची गरज नाही. यात एक धागा खरा आहे आणि त्यामुळेच तो लोकांना पटतोय, म्हणून एकेक मुद्दा घेते.

पांढरं जाणं म्हणजे इन्फेक्शन, हे चूक. दिवस गेले की इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढतं, त्या भागाचा रक्तपुरवठा वाढतो आणि स्रावही वाढतो. पातळ, पांढरट किंवा पारदर्शक, वास नाही, खाज नाही, तर ते नॉर्मल आहे. माशासारखा वास, दह्यासारखे गोळे आणि खाज, हिरवट-पिवळं फेसाळ जाणं, लघवीला जळजळ, यातलं काही असेल तर मात्र दाखवायचं, लाजून अंगावर काढायचं नाही.

इन्फेक्शन म्हणजे बाळ लवकर होणार, हा तो अर्धा खरा धागा. योनीतले जंतू गर्भपिशवीच्या तोंडातून वर चढून पाणमोटीच्या पडद्यापर्यंत पोचले तर तिथे सूज येते, त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची कळा आणणारी रसायनं तयार होतात आणि कळा सुरू होऊ शकतात, पडदा कमजोर होऊन फुटूही शकतो. ३७ आठवड्यांच्या आधी, त्यातही फार लवकर होणाऱ्या डिलिव्हरीमागे हे कारण बरेचदा सापडतं. पण सगळी इन्फेक्शनं एका माळेची नाहीत ना! बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये योनीतले लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू कमी होतात आणि दुसरे जंतू माजतात, त्यात लवकर डिलिव्हरीची शक्यता साधारण दुप्पट दिसते, तरी तो झालेल्या बहुतेक बायकांची बाळं पूर्ण दिवसांचीच होतात. यीस्टने, म्हणजे बुरशीच्या इन्फेक्शनने, खाजून जीव नकोसा होतो पण लवकर डिलिव्हरीशी त्याचा पक्का संबंध दिसलेला नाही, त्याला आत ठेवायची गोळी किंवा क्रीम देतात, तोंडाने घ्यायची फ्लुकोनाझोल मनाने घेऊ नका. क्लॅमिडिया, गोनोरिया, सिफिलिस हे सापडले तर लक्षण असो नसो, उपचार करायचेच. आणि लघवीत त्रास न देता लपलेले जंतू! मेसेजमध्ये त्यांचा उल्लेखच नाही, ते लघवीच्या कल्चर तपासणीत कळतात आणि तसेच सोडले तर किडनीपर्यंत जाऊ शकतात.

आता सगळ्यात धोकादायक सल्ला, प्रत्येकीने कोर्स घ्या. याच्या जवळपास जाणारं करून बघितलेलं आहे हो, तेही फक्त इन्फेक्शन निघालेल्या बायकांत. फ्रान्समध्ये ८४ हजारांवर गरोदर बायकांची व्हजायनोसिससाठी तपासणी केली, ज्यांना तो निघाला आणि आधी लवकर डिलिव्हरी झालेली नव्हती त्यांच्यात काहींना क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक दिलं, काहींना औषध नसलेली गोळी. २०१८ मध्ये निकाल आला. उशिराचा गर्भपात किंवा खूप लवकर डिलिव्हरी औषधवाल्यांत १.२ टक्के, दुसऱ्या गटात १.० टक्के, म्हणजे फायदा शून्य. अमेरिकेत ट्रायकोमोनास (योनीतलं आणखी एक इन्फेक्शन) असलेल्या पण काहीच त्रास नसलेल्या गरोदर बायकांना मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकचे मोठे डोस दिले, तर २००१ च्या निकालात औषधवाल्यांत १९ टक्के बाळं लवकर झाली आणि न घेणाऱ्यांत १०.७. उलटंच झालं! त्यामुळे "घेऊन टाकू, नुकसान तर नाही" हे वाक्य कुणी म्हणालं की मला खरंच भीती वाटते.

पण हे वाचून कुणी डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करू नका. त्रास असेल आणि तपासून दिलं असेल तर मेट्रोनिडाझोल गरोदरपणात देतात, त्याने बाळात व्यंग येतं असं आढळलेलं नाही. आणि आधीचं बाळ लवकर झालं असेल तर ते पहिल्याच व्हिजिटला सांगा, तुमचा विचार वेगळा होतो.

आतून धुणं? अजिबात नको. योनीचा आम्लपणा त्या लॅक्टोबॅसिलसमुळे टिकतो, धुतलंत की तेच वाहून जातात. बाहेरून साध्या पाण्याने धुतलं की पुरे.

नवऱ्याचा मुद्दा वाचून तर संताप आला. क्लॅमिडिया, गोनोरिया, सिफिलिस, ट्रायकोमोनास हे संबंधातून येतात, तिने औषध घेतलं आणि त्याने नाही घेतलं तर तिला ते परत होणार, आणि मग तिलाच सगळे विचारणार की तू गोळ्या नीट घेतल्या नाहीस का. दोघांचे उपचार होईपर्यंत संबंध नकोत.

जावेला मी कोर्स घेऊ नको म्हटलं. वास, खाज, जळजळ काहीच नव्हतं तिला. लघवीचं कल्चर झालंय का ते डॉक्टरांना विचारायला सांगितलं, आणि त्या मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट लिहून पाठवली: ३७ आठवड्यांच्या आधी पोट ठराविक वेळाने आवळायला लागलं, पाण्यासारखं काही गळलं, रक्त दिसलं किंवा कंबर सारखी दुखून खाली दाब वाटला तर रात्र असो की पहाट, लगेच हॉस्पिटल गाठायचं. लवकर होणाऱ्या बाळाच्या फुफ्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, ती बाळ जन्मायच्या आधीच द्यावी लागतात आणि त्यांचा असर व्हायला तास लागतात.