‘सही केलीत ना, मग करारात आहे तेवढंच’: हे खरं नाही

घर घेणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक संदेश फिरतोय: ‘ताबा लांबला तर बिल्डर करारात लिहिलेली भरपाईच देणार. परवानग्या रखडल्या तर तीही नाही. पैसे परत मागितले तर दहा टक्के कापणार. आणि चावी घेतली की विषय संपला.’ हा वाचून माणसं तक्रार न करताच गप्प बसतात, म्हणून हे उत्तर.

आधी ‘करारात लिहिलेली भरपाईच’. ती बहुधा चौरस फुटाला महिना पाच रुपये असते. सातशे फुटांच्या घराला साडेतीन हजार. रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांचं नियमन करणारा २०१६ चा कायदा. त्याचं कलम १८ मात्र सांगतं की, घर सोडायचं नसेल तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज मिळालं पाहिजे. महाराष्ट्राच्या नियमांत त्याचा दर स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (बँकेने कर्जांसाठी ठरवलेला मूळ व्याजदर) अधिक दोन टक्के आहे. साठ लाख भरले असतील आणि दर दहा टक्के धरला, तर महिन्याला पन्नास हजार. साडेतीन हजार कुठे आणि पन्नास हजार कुठे! हप्ता चुकला तर ग्राहकाला जो दर, तोच बिल्डरला, हेही कायद्याच्या व्याख्येतच आहे. त्याआधीच्या एका करारात ग्राहकाला १८ टक्के आणि बिल्डरला ९ टक्के अशी कलमं होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पायोनियर अर्बन या बिल्डरच्या प्रकरणात अशा एकतर्फी अटी ग्राहकावर लादता येणार नाहीत असं ठरवलं. ठिपक्यांच्या ओळीवर सही करण्यावाचून ग्राहकाला पर्यायच नव्हता, हे न्यायालयाने ओळखलं.

परवानग्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. युद्ध, नैसर्गिक आपत्ती, शासनाचा किंवा न्यायालयाचा आदेश यांसाठी महाराष्ट्राच्या नमुना करारात मुदतवाढीची सोय आहे. पण बिल्डरनेच अर्ज उशिरा केला, पैसे दुसऱ्या प्रकल्पात वळवले, तर तो आदेश होत नाही. ताबा २०१८ मध्ये द्यायचा होता, त्याला २०२० चा कोविड कसा आड येतो? आणि तारीख टळल्यावर ग्राहकाने पैसेच परत मागितले, तर तो हक्क विनाअट आहे. अनपेक्षित घटना किंवा स्थगिती आदेश त्याला अडवत नाहीत, असं न्यूटेक प्रकरणात नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं.

दहा टक्के कपात? चूक बिल्डरची असेल तर नाही. पूर्ण रक्कम, व्याजासह. तुम्ही स्वतःच्या कारणाने बुकिंग रद्द केलंत तर गोष्ट वेगळी. तिथे करारातली कपातीची अट वाचावीच लागेल. या दोन्ही गोष्टींची सरमिसळ करूनच हा संदेश लोकांना घाबरवतो.

राहिली चावी. बेंगळुरूच्या डीएलएफ सदर्न होम्स प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की ताबा घेतला किंवा खरेदीखत केलं, एवढ्याने विलंबाच्या भरपाईचा हक्क जात नाही. पाच रुपये फुटाचं कलम असूनही तिथे वर सहा टक्के व्याज दिलं गेलं. तरी माझा आग्रह आहे की तक्रार ताब्याआधीच करा. ‘आमची काही तक्रार नाही’ असं छापील पत्र चावीबरोबर पुढे केलं जातं, त्यावर सही करू नका. ‘विलंबाच्या व्याजाचा हक्क राखून ताबा घेत आहोत’ असं लिहून द्या आणि त्याची पोच घ्या.